घमेलं कोरडं काहून होतं

अहो, तुम्ही गेल्यावर तेरवीपर्यंत अंगणातला नळ कोणाच्यानं उघडला नाही. पाहुणे यायचे, पाय धुवायला नळाकडे जायचे, दोन्ही हातांनी जोर लावायचे आणि शेवटी शेजाऱ्यांकडून बादली मागून आणायचे. तेरवीच्या दिवशी तर तुमच्या बहिणीनं नळाला धरून रडायला घेतलं. म्हणाली, "दादानं शेवटचा बंद केलेला नळ आहे, वहिनी. खूण आहे. राहू द्या."

मी म्हटलं, "खूण राहू देते वं बाई, पण शंभर माणसं हात कुठं धुतील?"

पाना आणून नळ सैल केला, तेव्हा कुठं पंगत बसली. बहीण रुसली तुमची. तुमच्यामागे हे पहिलं भांडण. तुम्ही असतात तर माझ्याशीच भांडला असतात, की नळ एवढा सैल काहून केला.

या घरात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला, की इथं लोणच्याची बरणी उघडायची तर तुम्ही ड्यूटीवरून यायची वाट पाहावी लागते. सासूबाई म्हणायच्या, त्याचा हात खदानीतला आहे. उमरेडच्या खदानीत तुम्ही फिटर. तिथले डंपर घराएवढे, त्यांचे बोल्ट मनगटाएवढे. पान्याच्या दांड्याला दोन हात लांब लोखंडी पाईप लावायचा आणि दोघांनी लोंबकळायचं, तेव्हा तो बोल्ट बसायचा. तोच हात घेऊन तुम्ही घरी यायचात आणि शेगडीचं बटण बंद करायचात.

पण कारण एवढंच नव्हतं. नोकरीला लागलात त्या सुरुवातीच्या दिवसांत एका डंपरचा तेलाचा बोल्ट, इंजिनाच्या खालून तेल काढायचा, चढावर गळून पडला. सगळं तेल रस्त्यावर, इंजिन जाम. तो बोल्ट तुम्ही हातानं लावला होता. पान्यानं आवळणार तेवढ्यात कोणी चहाला हाक मारली आणि राहून गेलं. चौकशी झाली, चार लोकांपुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही लग्नाला वीस वर्षं झाल्यावर, माझ्याकडे पाठ करून. मी तेव्हा ज्वारी निवडत होते, निवडत राहिले. पण त्या दिवसानंतर बरणीवरून तुम्हाला टोमणा मारणं कमी केलं. बंद नाही केलं, कमी केलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. बाकी शिकले ते आपल्या पिठाच्या चक्कीवर. चक्कीत वरखाली दोन दगड, त्यांच्यातलं अंतर एका चाकानं कमीजास्त करायचं. जास्त आवळलं तर पीठ तापतं, करपल्याचा वास येतो आणि त्याची भाकर थापताना तुटते. सैल ठेवलं तर भरड पडते. थांबायचं कुठं ते डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं. म्हणून मी तुम्हाला सांगायचे, बोल्ट टेकला की थोडासा दम द्यायचा आणि हात काढायचा. तुम्ही म्हणायचात, "तू चक्की पाह्य. गाडी मी पाह्यतो." आपला हा वाद चाळीस वर्षांचा आहे आणि कोणी जिंकलं नाही.

गाडी म्हणजे पांढरी. आपल्याकडे आली तेव्हाच ती जुनी होती. मागची सीट काढून तुम्ही पोत्यांना जागा केलीत, आणि तेव्हापासून मनीषनगरातल्या खानावळींना, डबेवाल्या बायांना पीठ पोचवायचं काम तिचं. इथं सगळीकडे शेतं होती तेव्हा आपण चक्की टाकली. आता चारी बाजूंनी फ्लॅट झाले. फ्लॅटवाले पीठ पिशवीत आणतात. पांढरी नसती तर चक्की केव्हाच बंद पडली असती.

आता दोन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारीकडे येते. तुम्हाला नको असेल तरी येते.

तेल बदलायला तुम्ही पांढरीची पुढची चाकं नेहमीसारखी चक्कीच्या झिजलेल्या दगडांवर चढवलीत, बारदाना अंथरून खाली शिरलात आणि थोड्या वेळानं आवाज दिलात.

"जरा टॉर्च धरते का वं?"

"गिऱ्हाईक आहे," मी चक्कीतून ओरडले. "तुमच्यासारखी रिटायर नाही झाली मी."

गिऱ्हाईक खरंच होतं. तिघी जणी डबे घेऊन उभ्या होत्या. पण टॉर्च धरायला दहा मिनिटं लागली असती आणि त्या तिघी काही पळून जात नव्हत्या.

तासाभरानं तुम्ही आत आलात. बनियन काळं, बोटं सोललेली. म्हणालात, "झालं. बदलवलं तेल." संध्याकाळी मी घमेलं उचललं. जुनं तेल ज्यात काढतात ते घमेलं. त्यात तेलाचा थेंब नव्हता, उलट आदल्या आठवड्याची धूळ जशीच्या तशी होती.

"घमेलं कोरडं काहून आहे?"

"धुतलं मी."

ज्या माणसानं आयुष्यात चहाचा कप विसळला नाही त्यानं घमेलं धुतलं, आणि धुवून वर धूळही घातली. मी हसले, मग चिडले. तेलाचा बोल्ट निघाला नाही असं सांगा ना, म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तुले काय करायचं? बदलवलं म्हटलं ना." पुढं दोन वर्षं मी विचारत राहिले आणि तुम्ही तेच सांगत राहिलात. मी बाहेर गेले की डब्यातून थोडं तेल वरून ओतायचात. डबा हलका व्हायचा, मला कळायचं. मी म्हणायचे, हट्टी माणूस. स्वतः पाईप लावून आवळलेला बोल्ट उघडत नाही, तर कबूल करायला लाज वाटते. सगळी गोष्ट एवढीच आहे असं मी धरून चालले होते. चुकले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, विनूनं विषय काढला. आपल्या पोराला गोल बोलता येत नाही, ते माझ्याकडून आलं.

"आई, उद्या संध्याकाळची गाडी आहे. दोन तिकिटं काढली मी."

"दुसरं कोणाचं?"

"तुझं. पुण्याले चल. एकटी काय करशील इथं? चक्की बंद करू, पांढरी भंगारात देऊ. तिचं इंजिन कसं वाजून राहिलं, ऐकलं का?"

इंजिन वाजत होतं हे खरं. म्हणून मी आधीच कोपऱ्यावरच्या सलीमला बोलावलं होतं. गाड्या दुरुस्त करण्यात त्याचे केस पिकले. तो आला, गाडीखाली वाकला, हात घालून पाहिलं आणि उठला.

"चाची, तेल का तो डांबर हो गया. निकालना पडेगा. पर नट पूरा गोल है, पाना पकडताच नहीं. किसने किया ये?"

"चाचाने. और कौन?"

"नहीं चाची," तो म्हणाला. "चाचा टाईट करते थे, मान लिया. पर ऐसा काम चाचा का नहीं."

मेलेल्या माणसाचा मान ठेवतो आहे असं मला वाटलं. सलीमचं म्हणणं, तेल ज्यात राहतं तो खालचा चेंबर उतरवावा लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीचा दुसरा चेंबर मिळणं कठीण. विनू लगेच म्हणाला, "पाह्य. एक बोल्ट निघत नाही आणि तू गाडी चालवायच्या गोष्टी करते."

मी म्हटलं, "ठीक. उद्या तुझ्या गाडीच्या टायमापर्यंत बोल्ट निघाला तर मी इथंच राहीन, चक्की राहील, पांढरी राहील. नाही निघाला तर तिले भंगारात दे आणि मले पुण्याले ने. कुरकुर करणार नाही."

विनू हसला. जिंकल्यासारखा. असं हसतो तेव्हा तो तुमच्यावर जातो.

तुम्हाला खरं सांगते, पुण्याच्या घराला नावं ठेवण्यासारखं काही नाही. सून चांगली आहे. पण तिथं मी सकाळी उठून काय करणार? पाहुण्यासारखा चहा पिणार आणि लिफ्ट वर येते की खाली जाते ते पाहणार. माझा हात अजून चालतो. चालणारा हात मांडीवर ठेवून बसायचं, हे मला जमणार नाही.

पांढरी दगडांवर चढवली. मागच्या चाकांना विटा लावल्या. तुमचा जुना शर्ट लुगड्यावरून घातला आणि खाली शिरले. बोल्टाच्या कडेनं डिझेल सोडलं, दुपारभर मुरू दिलं. मग सतरा नंबरचा पाना लावला. सहा कोनांचं डोकं झिजून लिमलेटच्या गोळीसारखं गुळगुळीत झालेलं, पाना गरकन फिरला आणि माझा हात चेंबरवर आपटला. पकड लावली, ती घसरली. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा माझी बोटं तुमच्या त्या दिवशीच्या बोटांसारखी झाली होती. विनूनं हळद लावून दिली. पण रात्रीच्या जेवणाआधी माझी बॅग माळ्यावरून काढून ठेवली.

रविवारी सकाळी सलीमकडून सोळाची गोटी आणली. गोटी म्हणजे बोल्टावर टोपीसारखी बसते ती. डोकं झिजलं की एक नंबर लहान गोटी हातोड्यानं ठोकून बसवायची, मग ती नवे कोन कापत बसते. हे मला तुम्हीच कधीतरी जेवताना सांगितलं होतं. मी ऐकत नाही असं तुम्हाला वाटायचं. पण नीट ठोकायची तर बोल्ट दिसला पाहिजे, आणि खाली अंधार.

"विनू, टॉर्च धर."

तो फोनवर होता. म्हणाला, "दोन मिनटं." मग माझ्याकडे पाहिलं, फोन ठेवला आणि चांगला इस्त्रीचा शर्ट घालून बारदान्यावर माझ्या शेजारी आडवा झाला.

"कोणत्या बाजूनं फिरवायचं असते, आई?"

"इंजिनेर ना तू?"

"कॉम्प्युटरचा आहे मी."

"मग उजेड तरी नीट धर."

त्यानं उजेड धरला आणि मला ते दिसलं. बोल्टाच्या डोक्यावर तीन खाचा होत्या, छिन्नीच्या. पाना लागत नाही तेव्हा छिन्नी तिरकी धरून ठोकतात, म्हणजे धक्क्यानं बोल्ट फिरतो. खाच कुठं तिरपी गेली यावरून समजतं, की ठोकणाऱ्याला बोल्ट कोणत्या बाजूला न्यायचा होता. मी खाचांवरून बोट फिरवलं. एकदा वाटलं, उताणी पडल्यामुळे मलाच उलटं दिसतं आहे. परत पाहिलं. तिन्ही खाचा आवळायच्या बाजूच्या होत्या.

तीस वर्षं डंपरचे बोल्ट उघडणारा माणूस. झोपेत सांगितलं असतंत कोणता बोल्ट कुठं फिरतो. आणि तुम्ही तासभर या बोल्टाला उघडायच्या नादात आवळत होतात. आधी पान्यानं, पाईप लावून, डोकं गोल होईस्तोवर. मग छिन्नीनं. सलीम बरोबर म्हणत होता, हे तुमचं काम नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात घालायला लागलात ते तेव्हापासूनच. एकदा चक्कीच्या बटणाशी उभे होतात, वर की खाली असं पाहत, आणि मी म्हटलं होतं, "काय पाहून राहिले? दाबा ना." आणि त्याच महिन्यात तुम्ही पांढरीची चावी माझ्यापुढे ठेवलीत. "आता तूच चालवत जा. उन्हात डोळे दुखतात माझे." त्याआधी मी स्टिअरिंगवर असले की तुमचा पाय तिकडे रिकाम्या जागेवर ब्रेक दाबायचा. तोंडानं तर सारखं चालूच. चावी दिल्यापासून तुम्ही शेजारी गप्प बसायला लागलात. मला वाटलं, अखेर माणूस सुधारला. मला वाटलं, मी जिंकले.

गाडीखालून बाहेर आलात तेव्हाच तुम्हाला कळलं असणार. फिटरला कळतंच. दिशा कोणती ते त्या तासाला आठवलं नसेल, पण काहीतरी सुटलं आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. म्हणून चावी दिलीत. सगळं आवळून ठेवणारा माणूस तुम्ही. ती एक गोष्ट हातातून सोडलीत, आणि कोणाच्या जिवाला धोका व्हायच्या आधी सोडलीत. याबद्दल तुमचे उपकार आहेत माझ्यावर. हे एवढं मी तोंडावर म्हटलं नसतं, म्हणून लिहिते.

पण मला सांगायला काय झालं होतं? घमेलं धुतलं म्हणे! सांगितलं असतंत तर मी आधी ओरडले असते, हे मान्य. ओरडून झाल्यावर खाली आले असते. आणि मी टॉर्च धरला असता तर त्याच दिवशी दिसलं असतं मला. तुम्ही पान्याला हात घातला असतात आणि मी म्हटलं असतं, तिकडे नाही हो, इकडे. तुम्ही म्हणाला असतात, तू चक्की पाह्य. मग आपण भांडलो असतो आणि बोल्ट निघाला असता. दोष दोघांचा आहे. अर्धा तुमचा, अर्धा माझा. माझा अर्धा मी घेतला.

"काय झालं, आई?" विनूनं विचारलं.

"काही नाही. उजेड हलवू नको."

त्याला तेव्हा सांगितलं नाही. हे वाचून कळेल. कळू दे. बापाला भीती वाटत होती हे पोराला माहीत असलेलं बरं.

गोटी बोल्टावर ठेवली आणि हातोड्यानं ठोकली. आठ-दहा घाव घातल्यावर ती गच्च बसली. दांडा लावला. नुसत्या दांड्यानं काही झालं नाही. मग विनूला म्हटलं, दाराच्या मागं बाबांचा पाईप आहे, आण. ज्या पाइपानं तुम्ही आवळला तोच पाईप मी दांड्यावर चढवला, ओढायचा मात्र उलट्या बाजूला. एका हातात टॉर्च आणि दुसरा हात पाइपावर, असा विनू. मी दोन्ही हातांनी. पहिल्यांदा ओढलं, हललं नाही. दुसऱ्यांदा पांढरीच थोडी हलली आणि विनू घाबरला.

"आई, सोड. दगडावरून उतरेल ती."

"हे दगड मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते. ओढ."

तिसऱ्यांदा कट् असा आवाज आला. मला वाटलं, बोल्ट तुटला. पण पाईप खाली आला होता चांगला वीतभर, आणि बोल्टाच्या कडेनं काळी रेघ ओघळली. पुढं हातानं फिरवला. तेल आलं काकवीसारखं, जाड, वाकडंतिकडं, अर्धं माझ्या बाहीवर. मग नीट धार लागली आणि घमेलं भरायला लागलं. आम्ही दोघं पडल्या पडल्या ते पाहत राहिलो. दोन वर्षांनी का होईना, घमेलं भरलं.

विनू तोंड पुसत म्हणाला, "एक तिकीट कॅन्सल करतो."

"कर. आणि बॅग माळ्यावर ठेव, जिथली तिथं."

आतले आटे शाबूत होते. आवळण्यात तुमचा हात सरळ होता, एवढं मात्र आहे. सलीमनं नवा बोल्ट आणि तांब्याचा वायसर दिला. जुना बोल्ट पाहून तो म्हणाला, "फेक दूं?" मी म्हटलं, दे इकडे. चक्कीच्या खिडकीत ठेवला आहे. खूण म्हणून नाही. तिथून वारा येऊन कागद उडतात, त्याला वजन लागतं.

नवा बोल्ट हातानं टेकेपर्यंत लावला, मग पान्यानं थोडासा दम दिला आणि हात काढला. पाईप लावला नाही. ताजं तेल भरलं, गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज एकदम गेला नाही, पण पुष्कळ खाली आला.

विनूला अजनी स्टेशनवर मीच सोडलं, पांढरीतून. तो तुमच्या जागेवर बसला होता. पहिल्याच वळणावर त्याचा पाय रिकाम्या जागेवर दाबला गेला. "ब्रेक, आई, ब्रेक!" मी म्हटलं, बापासारखं करशील तर इथंच उतरवीन. स्टेशनवर त्यानं पायाला हात लावला आणि म्हणाला, "महिन्यातून येत जाईन. बोल्ट पाहायले." येईल की नाही ते पुढचं पुढं. परतताना शेजारची जागा रिकामी होती. सवय होईल. घाई नाही मला.

घरी येऊन पांढरी परत दगडांवर चढवली आणि बोल्टाखाली पेपर अंथरून ठेवला. सोमवारी सकाळी पाहिलं. कागदावर एक डाग होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. एकच.

तुमचा आवाज कानात आला असं काही म्हणणार नाही, तसलं काही होत नाही. पण तुम्ही काय म्हटलं असतंत ते मला पाठ आहे. "पाह्य. मी काय म्हणत होतो?"

मी बारदाना घेतला, टॉर्च घेतला आणि खाली शिरले. तेवढ्यात फाटकातून हाक आली. "आजी, दळण आहे! दोन डबे!"

"थांब वं जरा," मी गाडीखालून म्हटलं. "ह्यांचं काम चालू आहे."

ती थांबली. मी टॉर्च छातीवर ठेवला, पाना लावला, बाजू दोनदा पाहून घेतली आणि बोल्ट आणखी थोडासा आवळला.